अपघाताच्या क्षणी मोटारीचा वेग किती होता, हे नंतर ठरवता येते का?

प्रश्न – सातारकर
मागच्या आठवड्यात माझ्या मेव्हण्याच्या दुचाकीला मोटारीने मागून धडक दिली. वेग ताशी ४० किलोमीटरच होता, असे मोटारचालकाचे म्हणणे आहे. पंचनाम्यात ‘टायर घासल्याची खूण सुमारे २५ मीटर’ एवढीच नोंद असून समोरच्या हॉटेलाच्या कॅमेऱ्यात चित्रण असल्याचे कळते. एवढ्यावरून वेग ठरवता येईल का?

उत्तर – निवृत्त निरीक्षक
येईल, परंतु ‘सुमारे’ या शब्दाने तुमचे नुकसान केले आहे. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप) ०.७ धरला, तर २५ मीटरच्या खुणेवरून वेग ताशी ६७ किलोमीटरच्या आसपास निघतो. रस्ता ओला असल्यास ०.४ धरून तोच ५० वर येतो. त्यामुळे त्या दिवशी पाऊस होता का, याची नोंद टेपने घेतलेल्या मापाइतकीच महत्त्वाची ठरते. शिवाय खूण उमटण्यापूर्वी आणि धडकेत गेलेला वेग या हिशेबात येत नसल्याने हा आकडा किमान वेगाचा समजावा.

उत्तर – चित्रण तपासनीस
हॉटेलाचे चित्रण आजच मागवा. बहुतेक ठिकाणी जुन्यावर नवे आपोआप नोंदले जाते. विजेच्या दोन खांबांमधील अंतर ३० मीटर असेल आणि सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) टिपणाऱ्या कॅमेऱ्यात मोटारीने ते ४५ चौकटींत कापले असेल, तर वेग ताशी ६० किलोमीटर होतो. मात्र मोबाइलवर पडद्याचे चित्रीकरण करून आणू नका, कारण त्यात चौकटी गळतात. मूळ नोंदीची प्रत घ्यावी आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळणारा अंकाक्षरी ठसा) प्रमाणपत्र असावे.

सातारकर
मोटार अजून पोलीस ठाण्याच्या आवारातच आहे. तिच्यातून काही मिळेल का?

उत्तर – निवृत्त निरीक्षक
एअरबॅगच्या नियंत्रक पेटीत धडकेपूर्वीच्या साधारण ५ सेकंदांचा वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांची नोंद राहू शकते, पण ही सोय प्रत्येक मोटारीत नसते. दुचाकीला बसलेल्या धडकेत एअरबॅग उघडली नसेल, तर ती नोंद कायम होत नाही आणि पुढील वापरात पुसली जाऊ शकते. त्यामुळे मोटार सुपूर्तनाम्यावर (मागितल्यास हजर करण्याच्या लेखी हमीवर) परत देण्यापूर्वी पेटीतील नोंद तज्ज्ञाकडून काढून घ्यावी, तोवर मोटार सुरू करू नये, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्यांना द्या आणि त्याची पोच घ्या.