डोमेन रिन्यूअल १९९ वरून थेट १,४४९! दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यावं का?

वाळपई_काजू
वाळपईला आम्ही दोघी जावा काजू-कोकमचं दुकान चालवतो. डॉट कॉम डोमेन (साइटचा पत्ता) पहिल्या वर्षी १९९ रुपयांत मिळालं होतं. आता रिन्यूअलचा मेल आलाय: १,४४९, वर १८ टक्के जीएसटी. मुदत महिन्याभरात संपते. रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचे कस्टमर केअरवाले म्हणतात, आत्ता हलवलंत तर उरलेले दिवस बुडतील आणि साइटही बंद पडेल. मुंबई-पुण्यातल्या गोवेकरांच्या चतुर्थीच्या ऑर्डरी याच डोमेनच्या ईमेलवर येतात. खरंच असं होतं का?

फोंडा_वेब
दिवस बुडत नाहीत, ताई. लोकांना असं घाबरवून धरून ठेवतात याचा मला फार राग येतो. डॉट कॉम ट्रान्सफर करताना एका वर्षाचे पैसे भरायचे असतात आणि ते वर्ष सध्याच्या मुदतीपुढे जोडलं जातं.

दराचं म्हणाल तर डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे आणि सगळ्या रजिस्ट्रारांना डोमेन एकाच घाऊक दराने मिळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये तो दर वर्षाला ९.५९ डॉलरवरून १०.२६ झाला. वर आयकॅनची (डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) किरकोळ फी. म्हणजे १९९ला देणारा पदरचे घालतो आणि दुसऱ्या वर्षापासून वसूल करतो. नवीन ठिकाण शोधताना ऑफर बघूच नका, रिन्यूअलचा दर बघा. क्लाउडफ्लेअर हा रजिस्ट्रार घाऊक दरातच देतो, पण तिथे नेमसर्व्हर (साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) त्यांचेच वापरावे लागतात.

साइट बंद पडायची भीती मात्र एका बाबतीत खरी आहे. ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हर तेच राहतात, पण ते जुन्या रजिस्ट्रारचे असतील तर डोमेन गेल्यावर तो डीएनएस, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या नोंदी, बंद करू शकतो. त्यातला मेलचा पत्ता सांगणारा एमएक्स रेकॉर्ड गेला की ऑर्डरचे मेल पोचत नाहीत आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून डीएनएसच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. ए, एमएक्स, टीएक्सटी अशा नोंदींची एकूण एक ओळ नव्या डीएनएसवर भरा, नेमसर्व्हर बदला आणि एक-दोन दिवस मेल येतायत ना ते तपासा. मगच डोमेनचं ट्रान्सफर अडवणारं लॉक काढून ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) मागा. तो पाच दिवसांत देणं जुन्या रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. ट्रान्सफर सुरू झाल्यावर जुना रजिस्ट्रार गप्प बसला तरी पाच दिवसांनी ते आपोआप होतं.

डिचोलीकर
त्याआधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडे साइट करून देणारे सर्रास स्वतःच्या नावावर घेतात.

वाळपई_काजू
बघितलं. साइट केलेल्या मुलाचंच नाव आहे! तो आता बेंगळुरूला असतो, पण फोन उचलतो. आधी नाव बदलून घेऊ का?

फोंडा_वेब
आधी नको. मालकाचं नाव किंवा ईमेल बदलला की बऱ्याच ठिकाणी ६० दिवस ट्रान्सफर अडवतात. त्या मुलाकडून ऑथ कोड घ्या, डोमेन नव्या ठिकाणी तुमच्या स्वतःच्या खात्यात आणा आणि तिथे नाव बदला. जुन्या रजिस्ट्रारचे मंजुरीचे मेल त्यालाच जातील, तेवढं त्याला सांगून ठेवा.

मुदतीला आठवडा उरला आणि काम अडलेलंच असेल, तर सध्याच्या रजिस्ट्रारकडेच एक वर्ष भरून टाका. मुदतीआधी भरलेलं वर्ष नंतर ट्रान्सफर केलं तरी वाया जात नाही. डोमेन एकदा रिडेम्प्शनमध्ये (मुदत संपल्यानंतर दंड भरून सोडवायच्या टप्प्यात) गेलं, तर ते सोडवायला या १,४४९च्या कितीतरी पट मोजावे लागतात.

वाळपई_काजू
त्याला आत्ताच फोन लावते.