कोकण किनाऱ्यावर कॅम्पर व्हॅनचा मुक्काम : फुकट असावा की अल्प दरात? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

मुठाकाठ

पुण्यातून कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन ताम्हिणीमार्गे दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला जाणारी कुटुंबे आता बऱ्यापैकी दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात पहिला प्रश्न हमखास हाच असतो की रात्री गाडी फुकट कुठे लावता येईल. माझे मत असे की समुद्राला लागून फुकट मुक्काम शोधण्याचा नादच आपण सोडावा आणि गावातल्या एखाद्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रीतसर पैसे देऊन गाडी उभी करावी.

याचे मुख्य कारण पाणी आहे. व्हॅनमध्ये चार माणसे दोन दिवस राहिली की भांड्यांचे आणि अंघोळीचे सांडपाणी साठते, शौचालयाची टाकी भरते, आणि फुकटच्या जागी ते रिकामे करायला सोय नसल्यामुळे सुरूच्या बनात किंवा ओहोळात सोडून दिले जाते. कोकणातला जांभा सच्छिद्र दगड आहे. वर सोडलेली घाण फारशी गाळली न जाता खालच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच विहिरींच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर किनाऱ्यावरची कित्येक घरे दिवस काढत असतात. घराच्या आवारात मुक्काम केला तर निदान तिथला सेप्टिक टँक वापरता येतो. मात्र व्हॅनच्या शौचालयाच्या टाकीत फॉर्मल्डिहाइड असलेले रसायन घातलेले नसावे, कारण त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि यजमानाचे नुकसान होते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यात कॅराव्हॅन पार्कची, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामासाठीच्या जागांची, कल्पनाही आहे. पण सुट्टीत निघालेल्या सामान्य माणसाला वाटेत सहज सापडेल अशी सोय अजून झालेली नाही. तोवर खळे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

चौथा गिअर

आपली पाण्याची काळजी मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. जोडून सुट्ट्या आल्या की याच खळ्याचे भाडे खोलीच्या भाड्याशी जाऊन भिडते. व्हॅनचे इंधन, घाटातली झीज आणि वर खोलीइतके भाडे द्यायचे असेल, तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दांपत्याने किंवा दोन मुले असलेल्या मध्यमवर्गीय घराने व्हॅन घ्यावी तरी कशासाठी?

प्रश्न केवळ खिशाचा नाही, तत्त्वाचाही आहे. समुद्रकिनारा कोणाच्या मालकीचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मांडताना हेच सांगितले की समुद्र, वाहते पाणी, हवा आणि वने ही जनतेची ठेव आहे आणि शासन तिचे केवळ विश्वस्त आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९५९ मध्येच खुल्या किनाऱ्यांचा कायदा केला. तिथल्या पाद्रे बेटाच्या राष्ट्रीय किनाऱ्यावर प्रवेशशुल्क भरून नि:शुल्क परवाना घेतला की गाडी थेट वाळूवर नेऊन मुक्काम करता येतो. न्यूझीलंडने २०११ मध्ये मुक्त मुक्कामाचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे मात्र सामान्य माणसाने समुद्राजवळ एक रात्र काढायची म्हटली की आधी पाकीट उघडायचे. ही सवय आपण स्वतःहून का लावून घ्यावी?

आगरवाडी

माझे माहेर गुहागर तालुक्यातले आहे आणि मी कोथरूडला राहते, त्यामुळे हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकत आले आहे.

चौथा गिअर, आपण घेतलेली उदाहरणे अर्धीच सांगितली आहेत. कमलनाथ प्रकरण पर्यटकांना मोकळीक देण्याचे नव्हते. मनालीजवळ एका मोटेलसाठी वनजमीन देण्यात आली आणि तिथे बियास नदीचा प्रवाह वळवण्यात आला, म्हणून ते तत्त्व वापरून न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. म्हणजे ती ठेव सांभाळण्यासाठी पर्यटन व्यवसायाला रोखणारा तो निकाल आहे. न्यूझीलंडच्या कायद्यातही स्थानिक परिषदांना जागा बंद करण्याचे अधिकार आहेत, आणि २०२३ च्या कायद्याने तर 'स्वयंपूर्ण', म्हणजे आपली घाण आतच साठवणारे, ठरण्यासाठी वाहनात पक्के बसवलेले शौचालय असणे आवश्यक केले. मोफत आहे ते अटी पाळणाऱ्यालाच. पाद्रे बेटाचे म्हणाल, तर तिथे वाळूच्या मागे लोकवस्ती नाही आणि विहिरीही नाहीत. आमच्याकडे वाळू संपली की सुरूची ओळ, तिच्यामागे नारळ-पोफळीचे आगर, आणि आगरात विहीर.

तिथे एक साम्य मात्र आहे, कासवांचे. पाद्रे बेटावर केम्प्स रिडले कासवे अंडी घालतात आणि त्यांच्या हंगामात गाड्यांच्या वेगावर मर्यादा असते. आमच्याकडे वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले येतात. वाळूवर चाके फिरली तर घरटी दाबली जातात, आणि रात्रीच्या दिव्यांमुळे पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. वेळासने यावर शोधलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचे जेवतात, आणि त्यामुळे कासव जगण्यात गावाचा स्वार्थही गुंतलेला राहतो. फुकट मुक्काम करून पुण्याहून आणलेला शिधा खाऊन परतणाऱ्या गाडीने गावाला कचऱ्याखेरीज काय दिले, हे आपणच सांगावे.

दोन घाट

तत्त्वाचा वाद चालू राहो, पण येत्या सुट्टीत निघणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

स्वस्त मुक्काम हवा असेल तर समुद्र सोडून आठ-दहा किलोमीटर आत या. श्रीवर्धनऐवजी म्हसळ्याकडे, गुहागरऐवजी शृंगारतळीच्या बाजूला विचारणा केली, तर जागाही मिळते आणि माणसे दरही माफक सांगतात. सकाळी लवकर निघून किनारा गाठावा. अमेरिकेतही केंद्राच्या जमीन व्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येते, पण ती जमीन बहुतेक पश्चिमेच्या अंतर्भागात आहे. कॅलिफोर्नियाच्या गजबजलेल्या किनाऱ्यालगत ती जवळजवळ नाहीच. तेव्हा समुद्र, फुकट आणि निवांत ही तिन्ही एकत्र मिळणे तिकडेही कठीणच.

हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. आवारात एक रात्र गाडी उभी करून वीज-पाणी मिळेल का, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारावे, दारात जाऊन घासाघीस करू नये. मार्चनंतर दमट हवेत पंख्यावाचून व्हॅनमध्ये झोप लागत नाही, म्हणून विजेची जोडणी जिथे आहे तिथे थोडे जास्त पैसे गेले तरी ते वाया जात नाहीत. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटींनी वळसा वाचतो, पण उंच व्हॅन असेल तर आधी चौकशी करावी. पावसाळ्यात वरंधा घाट अनेकदा बंद असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

आणि वाळूवर गाडी कदापि नेऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी रोजच्या रेषेच्या बरेच वर येते, आणि रुतलेली जड व्हॅन ट्रॅक्टरलाही आवरत नाही.

चौथा गिअर

वाळूवर गाडी नेण्याचे समर्थन मी करत नाही, आणि आगरवाडी यांनी अटींबद्दल म्हटले ते बरोबर आहे. स्वतःचे शौचालय नसलेल्या वाहनाला किनाऱ्याजवळ रात्री थांबू देऊ नये, हे मी मान्य करतो. पण ज्याच्या गाडीत ते आहे, जो आपला कचरा परत नेतो आणि गावच्या दुकानातून भाजी-मासळी घेतो, त्याला एका रात्रीपुरती बिनभाड्याची जागा ग्रामपंचायतीने का राखून ठेवू नये? सगळाच मुक्काम खाजगी खळ्यांवर सोपवला, तर दर ठरवणारे कोणी उरणार नाही.

आगरवाडी

जागा ग्रामपंचायतीची असावी, हे मला आपल्याइतकेच वाटते. परंतु ती बिनभाड्याची नसावी. काही ग्रामपंचायती आजही पर्यटकांच्या वाहनांकडून शुल्क घेतात, आणि त्याच पावतीपुस्तकावर रात्रीच्या मुक्कामाचा ठरावीक, फलकावर लिहिलेला दर घेता येईल. दोनशे-तीनशे रुपये घ्यावेत, सुट्टीतही तेवढेच. त्या पैशातून एक बंदिस्त टाकी बांधावी, जिथे व्हॅनचे मैलापाणी रिकामे करता येईल, आणि ती उपसण्याचा खर्च भागावा. ती टाकी बांधून होईपर्यंत आमच्या गावात फुकट मुक्कामाचा ठराव आला, तर माझ्या घरचे ग्रामसभेत त्याच्या विरोधातच हात वर करतील.