मदत हवी आहे: थंडीत बाईकवर बोटं बधिर होतात, हातमोजे कोणते घेऊ?

रात्रपाळी
मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. पहाटे ड्यूटीवरून परतताना हाताची बोटं पार बधिर होतात. क्लच दाबला गेलाय की नाही, तेही कळत नाही. हातमोजे बदलून बघितले, काही फरक नाही. कुठले घ्यावेत तेवढं सांगा. 'थंडीत बाईक चालवूच नका' हा सल्ला कृपया नको.

घोंगडीवाला
गाडी कुठली, अंतर किती, वेग किती, थंडी किती? काहीच न सांगता हातमोजे कसे सुचवणार?

चेन_सैल
थंडीत सगळ्यात आधी बॅटरी बघा. गारठ्यात तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल तर २०डब्ल्यूऐवजी गारठ्यात जास्त पातळ राहणारं १०डब्ल्यू ऑइल टाका, पहिल्या झटक्यात सुरू होईल.

रात्रपाळी
@चेन_सैल, गाडी सुरू होते हो. बोटं सुरू होत नाहीत.
@घोंगडीवाला, साधीच बाईक आहे, पुढे काच वगैरे नाही. पाऊण तासाचा रस्ता, वेग ६० च्या आसपास. थंडी म्हणाल तर ८ अंश दाखवतं.

घोंगडीवाला
८ अंश उभ्या माणसाला. ६० च्या वेगाने निघालात की उघड्या कातडीला ते २ अंशांसारखं लागतं. म्हणजे वारा अडवायला हवा, हातमोजे जाड असून भागत नाही. अंगात काय घालता?

रात्रपाळी
स्वेटर, वर जॅकेट. पण अंगाला थंडी वाजतच नाही मला. प्रश्न बोटांचा आहे!!

निवांत
दादा, बोटांचा प्रश्न छातीपासूनच सुरू होतो. धड गार पडायला लागलं की शरीर आतले अवयव जपायला हातापायांचं रक्त आखडून घेतं. तुम्हाला थंडी वाजतेय असं वाटायच्या आधीच हे सुरू झालेलं असतं. आणि बिनअस्तराच्या जॅकेटाखालचा स्वेटर वाऱ्यापुढे चाळणीच. अंगालगत सुती बनियन नको, घामाने ओला झाला की लवकर वाळत नाही. त्याऐवजी थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सगळ्यात वर वारा न शिरणारं काहीतरी. गळा उघडा ठेवू नका, निम्मा वारा तिथूनच आत येतो.

रद्दी_सम्राट
एवढी खरेदी कशाला? जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाला. सायकल शर्यतवाले घाट उतरताना हेच करत आलेत.

घोंगडीवाला
पाऊण तासात दवाने आणि घामाने त्याचा लगदा होईल.

रद्दी_सम्राट
म्हणूनच ते रोज नवीन छापतात.

तिसरा_गिअर
निघताना दोन घोट घेतले की हातमोजेही लागत नाहीत :)

वॉर्ड_नंबर_७
स्मायली टाकलात तरी उत्तर देतेच, कारण लोक हे खरं मानतात. मी नर्स आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, ऊब वाटते आणि शरीराची उष्णता भराभर बाहेर जाते. पिऊन गाडी चालवण्याबद्दल तर बोलायलाच नको. थंडीत आधी कुडकुडणं, मग हात अडखळणं, बोलणं जड होणं, निर्णय चुकणं, असा क्रम असतो. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की तो हायपोथर्मिया. तेव्हा माणसाला स्वतःला 'मी ठीक आहे' असंच वाटत असतं. गाडीवर दात वाजायला लागले तर थांबायचं, घर जवळ आलंय म्हणून रेटायचं नाही.
धागाकर्ते, बधिर म्हणजे नक्की काय होतं? रंग बदलतो का?

दोनचाकी
हातमोज्यांत हातमोजे घालता का? ते कुणी विचारलंच नाही.

रात्रपाळी
हो, आत लोकरीचे, वर लेदरचे. घालताना जरा खेचावे लागतात. सगळेच असं करतात ना?

दोनचाकी
करतात, आणि सगळ्यांचीच बोटं गारठतात. ऊब धरते ती आतली मोकळी हवा. ती दाबून टाकलीत, वर रक्तही अडवलंत. एक माप मोठे घ्या, आतला थर पातळ ठेवा. मनगटाशी बाही हातमोज्यात जाते की हातमोजा बाहीत, तेही बघा, फट राहायला नको.

चेन_सैल
सरळ हीटेड ग्रिप, म्हणजे हँडलच्या विजेवर तापणाऱ्या मुठी बसवा, वाद मिटला.

दोनचाकी
ग्रिप तळवा तापवते. वारा लागतो बोटांच्या पाठीला. त्यापेक्षा हँडलला बसणारे मोठे मफ घ्या, लिव्हरसकट हात आत जातो. दिसतात भयंकर, पण वारा शून्य.

चेन_सैल
मफमध्ये हात अडकून पडला की कळेल.

दोनचाकी
तुमच्या ग्रिपा ३०-४० वॅट खातात. लहान गाडीच्या चार्जिंगला ते झेपेल का हे न बघता सुचवताय. बॅटरीचे सल्ले देणारे तुम्हीच ना?

तिसरा_गिअर
टायरची हवा थोडी कमी ठेवा, थंडीत पकड वाढते.

घोंगडीवाला
नका ठेवू. तापमान १० अंशांनी उतरलं की हवा आपसूक दीड-दोन पीएसआयने उतरते. टायर गार असताना मोजून कंपनीने सांगितली तेवढीच भरा. पकड मिळते टायर तापल्यावर, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं वळणावर गाडी जास्त झुकवायची नाही. आणि पारा शून्याजवळ गेला तर पुलावर जपून. त्याला खालूनही गारठा लागतो, बाकी रस्ता कोरडा असला तरी बर्फ आधी तिथे धरतो.

रात्रपाळी
माझ्याकडे बर्फ पडत नाही. विषयावर येऊ या का? @वॉर्ड_नंबर_७, हो, दोन बोटं पांढरीफटक होतात. मग निळसर, घरी आल्यावर लाल आणि आग आग. पण ते तसंही होतंच, फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला तरी.

वॉर्ड_नंबर_७
अहो, हे आधी सांगायचं ना! फ्रीजला हात लावून पांढरी पडत असतील तर ही एकट्या वाऱ्याची करामत नाही. रेनॉ म्हणून प्रकार असतो, थंडीने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आकसतात. बहुतेकांना नुसता त्रास असतो, काहींच्या मागे दुसरा आजार निघतो. इथे बसून कुणी ठरवू शकत नाही, डॉक्टरांना दाखवा. हँडलच्या थरथरीनेही हे वाढू शकतं. सिगारेट असेल तर तीही आड येते. आणि बोटं बधिर असताना इंजिनवर किंवा कडकडीत पाण्यात धरू नका. भाजलेलं कळणार नाही. काखेत धरा, किंवा कोमट पाणी.

चेन_सैल
सिगारेटचं पटलं नाही. माझे आजोबा...

निवांत
आजोबांसाठी वेगळा धागा काढा.

काचेवर_धुकं
अवांतर: हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते, त्याला काय करू? काच थोडी उघडली की डोळ्यांतून पाणी येतं.

निवांत
काचेच्या आत बसणारी पिनलॉकची दुसरी काच मिळते, तुमच्या हेल्मेटला बसत असेल तर तीच. नाहीतर श्वास खाली जाईल असा नाकावरचा पट्टा लावा. साबणाचा पातळ हात फिरवणारेही आहेत, पण तो थोडाच वेळ टिकतो आणि रात्री समोरचे दिवे पसरट दिसतात.

रात्रपाळी
डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मफ बसवले, आत नुसते पातळ हातमोजे. बोटं गरम राहतात, @दोनचाकी आभार. पण आता इंडिकेटरचं बटणच सापडत नाही. वळताना हॉर्न वाजतो.

चेन_सैल
बोललो होतो.

दोनचाकी
गाडी उभी करून, डोळे मिटून बटणं चाचपायची सवय करा. अंगठ्याला हॉर्न लागला की इंडिकेटर त्याच्या वर की खाली, ते गाडीगणिक वेगळं. गाडी कुठली ते अजून सांगितलं नाहीत.