वापरच नसलेल्या पोस्टपेड क्रमांकावर डेटाचे शुल्क : तक्रार कशी आणि कोठे करावी?

प्रश्न (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांच्या नावावर एक जुनी पोस्टपेड जोडणी आहे. बँक खाते, आधार, पीक कर्ज आणि शेतकरी योजनांच्या नोंदी या सर्वांना हाच क्रमांक जोडलेला असल्यामुळे आम्ही तो इतकी वर्षे जपून ठेवला आहे. त्यावर फक्त बोलणे आणि ओटीपी घेणे एवढेच होते. मासिक भाडे 299 रुपये असून 18 टक्के जीएसटी धरून दरमहा 352 रुपये 82 पैसे बिल येते आणि ते आम्ही मुदतीत भरतो.

या महिन्यात मात्र 2,827 रुपये 47 पैशांचे बिल आले. त्यात 'डेटा वापर 512 एमबी, दर 10 केबीला 4 पैसे' या नोंदीखाली 2,097 रुपये 16 पैसे लावलेले आहेत. बाबांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. इंटरनेटसाठी पहिले, म्हणजे प्रीपेड सिम निवडलेले आहे आणि त्याला रोजचा डेटा मिळतो, त्यामुळे दुसऱ्या सिमवर डेटा खर्च होण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही. यवतमाळ येथील कंपनीच्या दालनात विचारले असता, 'यंत्रणेत वापर दिसतो, म्हणजे तो तुमच्याकडूनच झाला आहे. आधी बिल भरा, मग पाहू', असे उत्तर मिळाले. लेखी काहीही दिले नाही.

बिल भरण्याची मुदत जवळ आली आहे. संपूर्ण रक्कम भरावी की थांबावे? सोयाबीन अजून वावरात उभे असताना अडीच हजार रुपये विनाकारण जाणे आमच्यासारख्यांना परवडणारे नाही. शिवाय क्रमांक बंद पडला तर सगळ्याच नोंदी अडकतील, ही चिंता वेगळीच आहे.

उत्तर १ (यवतमाळ, ग्राहक चळवळीतील कार्यकर्ता)

दालनातील तोंडी बोलण्याला तक्रार म्हणत नाहीत, त्यामुळे आपली तक्रार अद्याप सुरूच झालेली नाही, असे समजून पुढचे पाऊल टाकावे. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करावा. बहुतेक कंपन्यांसाठी हा क्रमांक 198 आहे आणि तो निःशुल्क आहे. फोनवर 'बिलातील डेटा शुल्क मला मान्य नाही' असे स्पष्ट शब्दांत नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागावा. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, 2012 नुसार प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि पुढील सर्व कारवाई त्यावरच उभी राहते. त्याच दिवशी हाच मजकूर ईमेलनेही पाठवावा. जोडणी वडिलांच्या नावावर असल्याने अर्जावर सही त्यांचीच हवी. पाठपुरावा आपण करणार असाल, तर त्यांचे अधिकारपत्र सोबत जोडावे.

अर्जात केवळ 'बिल चुकीचे आहे' असे लिहिल्यास 'तपासले, बिल बरोबर आहे' असे एका ओळीचे उत्तर येते. मी असे अनेक अर्ज वाया गेलेले पाहिले आहेत. म्हणून नेमक्या गोष्टी मागाव्यात : 512 एमबीचा वापर कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती सत्रांत झाला याचा तपशील, या क्रमांकावर डेटा सेवा कधी आणि कोणाच्या संमतीने सुरू झाली याचा पुरावा, आणि वापर वाढत असताना सूचनेचे संदेश पाठवले असतील, तर त्यांच्या वेळा. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मोबाइलवर डेटा सेवा सुरू करता येत नाही, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा म्हणजे ट्रायचा नियम आहे. संमती घेतल्याचा पुरावा कंपनीजवळच असला पाहिजे, तो आपण शोधत बसण्याचे कारण नाही.

पैशांबाबत माझे मत असे आहे की, जी रक्कम आपल्याला मान्य आहे ती, म्हणजे 352 रुपये 82 पैसे, मुदतीपूर्वी भरून पावती ठेवावी, आणि उरलेली 2,474 रुपये 65 पैशांची रक्कम वादग्रस्त असल्यामुळे निर्णय होईपर्यंत तिच्यासाठी सेवा खंडित करू नये, अशी लेखी विनंती त्याच अर्जात करावी. एकही रुपया न भरणारा ग्राहक थकबाकीदार ठरवला जातो. मान्य रक्कम भरणाऱ्याला तसे ठरवणे कंपनीला जड जाते. बँक खात्यातून बिल आपोआप कापले जाण्याची सोय सुरू असेल, तर ती आजच थांबवावी.

उत्तर २ (पुसद, मोबाइल दुरुस्तीचे दुकान)

वरील सल्ला योग्य आहे, परंतु अर्ज पाठवण्यापूर्वी फोन तपासावा, अशी माझी विनंती आहे. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये मोबाइल डेटा आपोआप एका सिमवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय असते. पहिल्या सिमचे नेटवर्क क्षीण झाले की फोन न विचारता दुसऱ्या सिमवरून इंटरनेट घेऊ लागतो. शहरात याचा अनुभव क्वचित येतो, पण आपल्याकडे टॉवर दूर असतात, मध्ये टेकडी किंवा जंगल येते, आणि गावात चालणारे सिम वावरात गेल्यावर चालतेच असे नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत हेच कारण सर्वाधिक वेळा निघते.

सेटिंग्जमध्ये सिमकार्डांच्या भागात 'डेटा स्विचिंग' किंवा त्या अर्थाचे बटण आहे का ते पाहा. त्यानंतर डेटा वापराच्या भागात दुसरे सिम निवडून, बिलाचा कालावधी लावून, कोणत्या ॲपने किती डेटा घेतला ते पाहा आणि त्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोनवरील मोजमाप कंपनीच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, थोडा फरक राहतो. फोन मात्र सध्या फॅक्टरी रिसेट करू नका, कारण ही सगळी नोंद पुसली जाईल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फोन तपासला. ती सोय सुरू असल्याचे आढळले. आमच्यापैकी कोणी ती सुरू केलेली नव्हती. फोनमध्ये ती आधीपासून होती की एखाद्या अपडेटनंतर आली, हे सांगता येत नाही. दुसऱ्या सिमच्या नावावर पाचशेच्या आतबाहेर एमबी दिसतात. आमचे वावर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला असून तेथे पहिल्या सिमचे नेटवर्क जवळजवळ मिळत नाही. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद करण्यासाठी, बाबा तेथे फोन घेऊन गेले होते आणि वापराच्या तारखाही त्याच दिवसांच्या आहेत. मोठा वाटा मात्र ॲपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप यांचा आहे, पीक पाहणीचा फारच थोडा. सूचनेचा एकही संदेश त्या क्रमांकावर सापडला नाही. आता वापर खरोखर झालेला आहे असे दिसत असताना तक्रारीला काही अर्थ उरतो का?

उत्तर १ (यवतमाळ)

निश्चित उरतो. डेटा वाहिला का हा एक प्रश्न आहे, आणि त्यासाठी या दराने पैसे आकारण्याचा अधिकार कंपनीला होता का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या विरुद्ध गेले म्हणून दुसरा निकाली निघत नाही. ज्या क्रमांकावर इंटरनेटचा कोणताही पॅक नाही, तेथे डेटा सेवा कोणाच्या सांगण्यावरून सुरू होती? एका महिन्यात बिल भाड्याच्या अनेक पटींनी वाढत असताना ग्राहकाला सावध का केले नाही? डेटाच्या वापराची माहिती ठरावीक टप्प्यांवर संदेशाने देणे, तसेच पोस्टपेड ग्राहकाला पतमर्यादा (क्रेडिट लिमिट) जवळ आल्याचे कळवणे, या गोष्टी ट्रायने अशा अचानक बिलांपासून ग्राहकाला वाचवण्यासाठीच घालून दिल्या आहेत.

अहमदाबाद येथील एका पोस्टपेड ग्राहकाचे प्रकरण आपल्यासारख्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे असे आहे. त्याचे मासिक भाडे 249 रुपये होते आणि सरासरी बिल 555 रुपयांच्या आसपास येत असे. नोव्हेंबर ते डिसेंबर 2013 या एका महिन्यासाठी त्याला 24,609 रुपये आकारण्यात आले. तो जिल्हा ग्राहक मंचात गेला, तेव्हा दूरसंचाराचे वाद ग्राहक मंचापुढे चालूच शकत नाहीत, अशी हरकत कंपनीने घेतली आणि ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. 16 फेब्रुवारी 2022 रोजी न्यायालयाने ती हरकत फेटाळली आणि ग्राहक मंचांना असे वाद ऐकण्याचा पूर्ण अधिकार असल्याचे स्पष्ट केले. त्यापूर्वी आम्ही अर्ज घेऊन गेलो की 'हे येथे चालणार नाही' असे ऐकून परत यावे लागत असे; आता ती अडचण राहिलेली नाही.

आपला क्रम असा राहील. तक्रार केंद्राचे उत्तर असमाधानकारक असेल किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करावे. त्यासाठी शुल्क नाही, यवतमाळला किंवा नागपूरला जाण्याचीही गरज नाही, ईमेलने अपील करता येते, आणि 39 दिवसांत त्याचा निर्णय द्यावा लागतो. अपील प्राधिकरणाला सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचाही एक सदस्य असतो, म्हणून अपील विस्ताराने आणि स्क्रीनशॉट जोडून लिहावे. ट्रायकडे थेट तक्रार पाठवण्यात वेळ घालवू नये, कारण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा तेथे होत नाही. सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करावी. पुष्कळ प्रकरणे तेथूनच मिटतात. तरीही न मिटल्यास यवतमाळ जिल्हा ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील नेमणे सक्तीचे नाही.

उत्तर ३ (दारव्हा, शिक्षिका)

दादा, एका मुद्द्यावर मला वेगळे सांगावेसे वाटते. अर्जात 'आम्ही डेटा वापरलेला नाही' असे वाक्य आता लिहू नका. आपल्या फोनवरील नोंद त्याच्या उलट सांगते, आणि एक विधान खोटे ठरले की उरलेल्या खऱ्या विधानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. 'फोनने आपोआप सिम बदलल्यामुळे वापर झाला, मात्र या क्रमांकावर डेटा सेवेसाठी आमची संमती नव्हती आणि कोणतीही सूचना आम्हाला मिळाली नाही', असे सरळ लिहावे. माझ्या घरच्या अशाच प्रकरणात इतक्या स्पष्ट अर्जानंतर कंपनीने मोठा भाग पुढील बिलात वळता केला होता आणि आम्ही तेवढ्यावर समाधान मानले. आयोगापर्यंत जाणे आपला हक्कच आहे, पण पेरणी-काढणीच्या दिवसांत तारखांना हजर राहणे शेतकरी कुटुंबाला किती जड जाते हे आपण सर्वजण जाणतो, त्यामुळे अपिलाच्या टप्प्यावर सन्मानाने मिटत असेल तर मिटवावे.

प्रश्नकर्ता

ताईंचे म्हणणे पटले आणि अर्ज त्याप्रमाणे लिहिला. बाबांच्या सहीने तो ईमेलने पाठवला, डॉकेट क्रमांक संदेशाने मिळाला आणि मान्य रक्कम भरली. डेटा स्विचिंग बंद केले आहे. हा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा विचारही घरात सुरू आहे. तो आताच करावा का?

उत्तर २ (पुसद)

सध्या करू नका. पोस्टपेड क्रमांकावर बिल थकीत दिसत असेल, तर पोर्टिंगचा कोड मिळत नाही आणि वादग्रस्त रक्कम आज थकबाकी म्हणूनच दिसत असेल. तोवर 1925 या निःशुल्क क्रमांकावरून त्या सिमची डेटा सेवाच बंद करून घ्या, म्हणजे फोनमधील बटण पुन्हा सुरू झाले तरी पैसे लागणार नाहीत. सेवा बंद झाल्याचा संदेश पुसू नका. त्यावरील तारीख अपिलात उपयोगी पडेल.