कार्यालयातील कामाच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर कोणाच्या सोयीने निवडायचे?

रेडमाइनकर :
पन्नासाहून अधिक माणसांच्या कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीने कामाच्या नोंदींसाठी डोळे मिटून जिरा हेच सॉफ्टवेअर घ्यावे, रेडमाइन किंवा ट्रेलो या त्याच प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये, असे ‘डिलिव्हरीप्रमुख’ यांनी काल येथे लिहिले. हा सल्ला मला घातक वाटतो. ज्यांना रोज टिकेटे (एकेका कामाच्या किंवा दोषाच्या नोंदी) उघडायची आणि बंद करायची आहेत त्यांना न विचारता लादलेले सॉफ्टवेअर कितीही नामांकित असले, तरी ते हळूहळू ओस पडते आणि खरे काम व्हॉट्सॲपवर व एक्सेलमध्येच चालू राहते. माझ्या आधीच्या कार्यालयात जिरामध्ये दोष नोंदवताना ‘मूळ कारण’ हा रकाना भरणे सक्तीचे होते. दोष नुकताच सापडलेला असताना टेस्टरने त्याचे मूळ कारण कोठून आणायचे? सगळेच ‘तपास चालू’ असे लिहून मोकळे होत आणि मासिक अहवालात तेच सर्वांत मोठे कारण म्हणून दिसे.

डिलिव्हरीप्रमुख :
हा दोष जिराचा नसून ते लावून देणाऱ्याचा आहे. तो रकाना टिकेट बंद करण्याच्या टप्प्यावर सक्तीचा करता येतो. वर्कफ्लोमध्ये, म्हणजे टिकेटच्या टप्प्यांच्या मांडणीत, त्यासाठी व्हॅलिडेटर (रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी तपासणी) लावण्याची सोय आहे. एका ॲडमिनने नीट काम केले नाही म्हणून सॉफ्टवेअरच मोडीत काढणे मला मान्य नाही. दहा टीमचे काम परस्परांवर अवलंबून असते, तेव्हा कोणाचे काम कोणामुळे अडले आहे हे मला एका ठिकाणी दिसावे लागते.

रेडमाइनकर :
व्हॅलिडेटरचा मुद्दा बरोबर आहे, एवढे मान्य करतो. परंतु जिरा बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीने 15 फेब्रुवारी 2024 रोजी जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट थांबवला, तेव्हा स्वतःच्या यंत्रावर जिरा चालवणाऱ्या लहान कार्यालयांपुढे ॲटलासियनच्या यंत्रांवर चालणारे क्लाउड किंवा जिराचीच महागडी ‘डेटा सेंटर’ आवृत्ती एवढेच पर्याय उरले. क्लाउडचे म्हणाल, तर एप्रिल 2022 मध्ये त्यांच्याच एका स्क्रिप्टने सुमारे 775 ग्राहकांच्या साइट पुसल्या आणि काहींना त्या परत मिळायला दोन आठवडे लागले. रेडमाइन 2006 पासून आहे, मुक्तस्रोत आहे आणि आपला डेटाबेस आपल्याच हाती राहतो.

सर्व्हर_सांभाळणारी :
‘आपल्या हाती’ म्हणजे नेमका कोणाच्या हाती, हेही लिहा. आमच्याकडे रेडमाइन बसवणारा सहकारी नोकरी सोडून गेल्यावर, अपग्रेड केले की प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद पडतील या भीतीने कोणी त्याला हातच लावत नव्हते. बॅकअप रोज निघत होता, पण तो परत चढवून पाहिलेलाच नव्हता. शेवटी हे सारे माझ्या गळ्यात पडले. माणूस नेमायची तयारी नसेल, तर फुकट सॉफ्टवेअरचा आग्रह धरू नये.

कोडवाला :
मला या दोन्ही बाजूंपेक्षा टाइमशीटचा प्रश्न मोठा वाटतो. सॉफ्टवेअर कोणतेही आणा, दिवसाचे आठ तास टिकेटांवर वाटून दाखवण्याची सक्ती आली, की नोंदी खोट्या होतात. नव्या मुलीला कोड समजावण्यात गेलेली दुपार कोणत्या टिकेटवर टाकायची? शेवटी ती कोठेतरी खपवली जाते आणि पुढचे अंदाज त्याच आकड्यांवर बांधले जातात.

डिलिव्हरीप्रमुख :
तासांवर बिल होणाऱ्या करारात क्लायंट टाइमशीट मागतो. पगार त्याच बिलातून निघतात, याचे भान ठेवून बोला.

कोडवाला :
पगाराची भीती घालू नका! बिलासाठी दिलेले तास वार्षिक मूल्यमापनात माझ्यापुढे ठेवले गेले आणि ‘या टिकेटला इतका वेळ का लागला’ असे विचारले गेले. त्या दिवसापासून आमच्या टीममध्ये कोणीही खरा आकडा लिहिलेला नाही. हा राग सॉफ्टवेअरवर निघतो, कारण रोज समोर तेच असते.

साइट_इंजिनिअर :
बांधकामात आम्ही प्रायमाव्हेरा हे वेळापत्रक आखण्याचे सॉफ्टवेअर वापरतो. स्लॅब भरायला उशीर झाला तर पुढची कोणती कामे सरकतील, हे क्रिटिकल पाथवरून (ज्या कामांना उशीर झाला की सारा प्रकल्प लांबतो, त्यांच्या साखळीवरून) कळते आणि तेथे माणसाचे नव्हे, कामाचे दिवस मोजतात. तुमचा वाद सॉफ्टवेअरचा कमी आणि नोंदी कोण पाहतो याचा अधिक आहे.

रेडमाइनकर :
त्यावर उपाय आहे. रेडमाइनमध्ये भूमिकेनुसार तासांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार ठरवता येतो आणि प्रत्येकाला केवळ स्वतःच्याच नोंदी दिसतील असेही ठेवता येते. बिल करणाऱ्याला सगळ्या दिसू द्या, मूल्यमापन करणाऱ्याला देऊ नका.

डिलिव्हरीप्रमुख :
माझ्याकडे या दोन्ही जबाबदाऱ्या आहेत, त्यामुळे या अधिकारांनी काही साधणार नाही. मूल्यमापनात तास वापरले जाऊ नयेत, हे मात्र मला पटते. नव्या वर्षीच्या मूल्यमापनाच्या नमुन्यातून तो रकाना काढण्याचा प्रस्ताव मी देईन. जिराबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे; फक्त कोणते रकाने सक्तीचे ठेवायचे, हे टेस्टर आणि डेव्हलपर यांना विचारून ठरवावे, एवढी भर त्यात घालतो.

सर्व्हर_सांभाळणारी :
आणि बॅकअप परत चढवून पाहण्याची जबाबदारी कोणाची, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या.