चांगदेवचा जुना डोंगा
जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेव गावच्या खळ्यात सापडलेला डोंगा, म्हणजे लाकडी होडी, किती जुना, असं तुम्ही विचारलंय. काहींनी नुसता साग बघून वय सांगितलं, ते मला पटत नाही. सातपुड्यातला साग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. खिळे बघा. लोहारानं घडवलेला चौकोनी खिळा जुना, तारेचा गोल खिळा नंतरचा. पण डोंगा एकाच खोडातून कोरलेला असेल, तर खिळे फक्त ठिगळांचं वय सांगतील!

तो उताराचा, म्हणजे लोकांना नदीपार नेणारा असेल, तर मक्त्याचे (ठेक्याचे) कागद शोधा. मुंबई इलाख्यात उतारांचा कायदा १८६८चा. १९०६पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता, म्हणून आधीचं धुळ्याला विचारा, नंतरचं जळगावला. तोवर तळाचं डांबर कृपया खरवडू नका, खाली खुणा असू शकतात.