शब्दचर्चा : ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ की ‘भारहीनता’?

प्रश्न : अंतराळ-मालिकांच्या मराठी उपशीर्षकांत माणसे तरंगू लागली की सर्रास ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ लिहितात. काही जण ‘भारहीनता’ वापरतात. नेमके काय लिहावे?

– भारहीनता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर फिरतं आणि तिथं पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. ते शून्य असतं तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं. स्थानक आणि आतली माणसं सोबतच पडत असतात, म्हणजे मुक्त पतन. पायाखालून उलटा रेटा मिळत नाही, म्हणून वजन जाणवत नाही. ‘सूक्ष्मगुरुत्व’ (मायक्रोग्रॅव्हिटी) लेखात चालेल, पात्राच्या तोंडी नको. घाईच्या प्रसंगात ‘इथं वजनच लागत नाही!’ एवढं पुरे.

– पण मग ‘हलकं’ हा शब्द जपून वापरा. तरंगणारा २०० किलोचा खोका ढकलताना ‘हलका झालाय’ लिहिलं की घोटाळा. वजन गेलं, वस्तुमान तेवढंच आहे. त्याला सेकंदाला १ मीटर वेग द्यायला जेवढा जोर लागेल तेवढाच थांबवायलाही लागतो. खोका आणि भिंत यांच्यामध्ये सापडलात तर बरगड्या गेल्याच. चांगल्या मालिकेत पात्र आधी भिंतीवरच्या कडीत पाय अडकवतं, मग ढकलतं. तिथं ‘जडत्व’ (वस्तूचा आहे तसंच राहण्याचा गुण) हाच शब्द.

– ‘कृत्रिम गुरुत्वाकर्षण’ हे एकच लेबल सगळीकडे लावतात, त्याचं काय?

– आधी दृश्यात वजन कशामुळे येतंय ते पाहावं. ‘स्टार ट्रेक’मध्ये जमिनीतच यंत्रणा आहे, तिथं ‘कृत्रिम गुरुत्व’ बिनधास्त लिहा; ती कल्पनाच आहे. स्थानक स्वतःभोवती फिरत असेल तर ‘फिरकीचं वजन’ किंवा ‘परिवलनजन्य गुरुत्व’ (पहिला संवादात, दुसरा लेखात). इथं आकडे बोलतात. त्रिज्या २२४ मीटर असेल तर मिनिटाला २ फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन मिळतं. त्रिज्या १० मीटर असेल तर साडेनऊ फेऱ्या लागतात, उभ्या माणसाच्या डोक्याशी वजन पायापेक्षा सुमारे १८ टक्के कमी, आणि मान वळवली की गरगरतं. ‘द एक्स्पान्स’मध्ये सेरेस या वेगानं फिरवलेल्या बटुग्रहावर ओतलेल्या दारूची धार वाकडी पडते, ती याच फिरकीमुळे. संवादात त्यावर एक अक्षर नाही, हे फार आवडलं.

तिसरा प्रकार इंजिनाचा. यान सतत त्वरण घेत असेल, म्हणजे वेग वाढवत असेल, तर जमीन इंजिनाच्या बाजूला आणि टोक ‘वर’; मजले इमारतीसारखे एकावर एक. अशा यानात टोकाकडे जाणाऱ्याला ‘पुढे जा’ नव्हे, ‘वर जा’. इंजिन बंद होताच सगळं तरंगतं, तेव्हा ‘गुरुत्वाकर्षण बिघडलं’ असं भाषांतर चुकीचं. बिघडलेलं काहीच नसतं. ‘इंजिन बंद होतंय, धरून राहा’ लिहा.

– ‘त्वरण’ आणि ‘वेग’ यांची सरमिसळही तिथेच होते. नुसत्या वेगानं माणूस खुर्चीत दाबला जात नाही, कितीही असो. ‘प्रचंड वेगामुळे शुद्ध हरपली’ असं दिसलं की मूळ संवाद पुन्हा ऐकावा. बहुतेकदा तिथं त्वरणच असतं.

– आणि फिरत्या स्थानकात ‘अपकेंद्री’ (केंद्रापासून बाहेर ढकलणारं) बल म्हणावं का?

– आतल्या पात्रानं म्हटलं तर बरोबर, त्याला तसंच जाणवतं. बाहेरून पाहणाऱ्या शास्त्रज्ञाच्या तोंडी ‘अभिकेंद्री’: जमीन आतल्या माणसाला केंद्राकडे ढकलत असते.